भांगाचे दिवस

दापोली कोर्टाच्या मागच्या अंगाला,
जुनं रेकॉर्ड हलवून रिकाम्या केलेल्या खोलीत
आमचं मध्यस्थी केंद्र.
टेबल गोल मागितलं होतं, आलं चौकोनी,
म्हणून खुर्च्या तरी मी तिरक्या मांडते.

चौथी बैठक.
विनया खिडकीकडे, हरेश्वर दाराकडे,
मध्ये खेडेकर वकील आणि मुकादम वकील,
फायली मिटून. हे त्यांना जड जातं.
दागिने मिटले. घरातला हिस्सा मिटला.
होडीच्या इंजिनाचं कर्जही,
मुकादम स्वतः बँकेत जाऊन कागद घेऊन आले तेव्हा.
राहिली स्वरांगी. वय वर्षं सात.

मसुद्यात ओळ छापून तयार होती:
पहिला व तिसरा शनिवार, सकाळी दहा ते सायंकाळी पाच.
हरेश्वर त्या ओळीवर बोट ठेवून बसला.
"बाई, समुद्राला शनिवार ठाऊक नाय.
माझी डोल. उधाणाला मी पाण्यावर.
पोरगी यायची नि बाप नसायचा."

"सात वर्षं तेच झालंय,"
विनया खिडकीलाच म्हणाली.

पंखा. बाहेर कुणाचा तरी पुकारा.
मला शिकवलंय, अशा वेळी आपण बोलायचं नाही.
मी नाही बोलले.

मग तीच. पाजपंढरीची पोर,
वडलांच्या जाळ्यांवर झोपून मोठी झालेली.
"भांगाला कुठे असतोस?"
"घरीच. जाळी सांधत."
"मग भांगाला ने."

खेडेकरांनी पेनाचं टोपण काढलं.
"भांग म्हणजे तारीख कोणती?"
अख्खा जन्म दापोलीत, पण ते डोंगरावरचे.
"पाण्याची ओढ मरते ते दिवस," दोघं एकदम म्हणाली,
आणि दोघंही गप्प झाली.

भिंतीवरचं कॅलेंडर बँकेचं, त्यात तिथ्या नव्हत्या.
शिपायानं कँटीनमधून दुसरं आणलं, तेलाचे डाग पडलेलं.
सप्तमी ते एकादशी, महिन्यातून दोनदा,
पेन्सिलीनं खुणा करत गेलो
तेव्हा कधीतरी पाचही खुर्च्या
टेबलाच्या एकाच बाजूला आल्या होत्या.

"शाळा?"
"हर्णैहून साडेसहाची एसटी हाय. मी बसवीन."
"नि तिचे केस? दोन वेण्या लागतात. भांग सरळ."
त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं.
"जाळं विणतो ना मी."
ती हसली नाही.
पण ते कलम घाला, असंही म्हणाली नाही.

लग्न त्या खोलीत परत जुळलं नाही, ते सांगून टाकते.
दोघांनी सह्या केल्या, वेगवेगळ्या पेनांनी.
जज्जसाहेब यवतमाळचे. चष्मा वर करून म्हणाले,
"हे भांग काय प्रकरण आहे?"
समजावलं. ते थोडा वेळ थांबले,
मग त्या शब्दाखाली स्वतःच्या हातानं रेघ ओढली.

दिवाळीनंतर एकदा एसटी स्टँडवर
हर्णैची गाडी लागली, त्यातून स्वरांगी उतरली.
वेण्या गच्च, जाळ्याच्या गाठीसारख्या,
भांग मात्र कपाळापासूनच
डावीकडे वाहत गेलेला.
विनयानं पर्समधून कंगवा काढला.
जरा वेळ तसाच धरला.
पुन्हा आत ठेवला.
शाळेची घंटा व्हायला अजून अवकाश होता.

मी घरी येऊन कॅलेंडर पाहिलं.
एकादशी.
उद्यापासून पाण्याला ओढ.