सत्तेचाळीस नंबर

सत्तेचाळीस नंबरची पार्किंगची जागा
सबनीसांची. ते मस्कतला.
फरशा कमी पडल्या म्हणून बिल्डरनं तिथं नुसती खडी ओतलेली,
आणि त्या खडीत, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात,
टिटवीनं चार अंडी घातली.

घातली म्हणजे काय, ठेवली.
ना काडी, ना पान.
खडे जरा सरकवून केलेला तळहाताएवढा खोलगा,
चारी टोकं आत.

मी सोसायटीची सेक्रेटरी.
लिफ्टच्या तक्रारी माझ्याकडे, गळतीच्या माझ्याकडे.
पक्ष्याची ही पहिलीच.
दोनशे तीनच्या कुमुदिनी वर्टींची, लेखी, दोन प्रतींत:
रात्री दीडला टिटवी ओरडते.
गुरुवारी ह्यांची अँजिओग्राफी.
बंदोबस्त व्हावा.

गेले बंदोबस्ताला.
वीस पावलांवर असतानाच ती उठली,
उडाली नाही, चालू लागली
पिवळ्या पायांवर, लगबगीनं, भलतीकडेच,
आणि मीटर रूमच्या कोपऱ्यात जाऊन अशी बसली
की अंडी तिथंच असावीत.
मी मीटर रूमपाशी वाकून वाकून शोधलं.
चौतीस वर्षं लोकांचे हिशेब तपासलेली बाई मी.

गोमाजी वॉचमन गेटवरून हसत होता.
तो इथलाच, गव्हाणचा.
आपली बी विंग आहे तिथं त्याच्या बापाचं मीठ पिकायचं.
“म्याडम, ती पाय वर करून निजते,” म्हणाला,
“आभाल परला त झेलाला.”
मग त्यानं चार विटा आणल्या
आणि एक मोडकी खुर्ची आडवी टाकली, सबनीसांच्या नावाची पाटी लावून.

झोप तशीही लागत नव्हती. ऐकू लागले.
कुत्रं आलं की आवाज वरून खाली कोसळायचा, पुन्हा वर, पुन्हा खाली,
कुत्र्याच्या पाठीला लागेल असा.
घारीला एकच, आखूड. मग चिडीचूप.
गोमाजीला काहीच नाही.
मला मात्र पंधरा दिवस
ती-ती-ती-तूच, ती-ती-ती-तूच,
ओळखपरेडीत उभं केल्यासारखं.
सोळाव्या दिवशी नुसती मान वळवली.
पदक मिळाल्यासारखी मी वर आले, कुणाला सांगितलं नाही.

उलव्याची दुपार. खडीला हात लावून बघा.
नर होल्डिंग पाँडवरून यायचा,
पोटाची पिसं निथळत,
ती उठायची, तो बसायचा. ओला.
पाणी असं अंगावरून वाहून आणायचं,
चार वाट्या नाहीत, चार थेंब,
आणि पुन्हा जायचं.
हे मी वर्टीबाईंना सांगितलं.
“असं?” म्हणाल्या,
आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या खिडकीत खुर्ची दिसली.

वर्टी गुरुवारचे घरी आले होते, दोन स्टेंट घेऊन.
टिटवी ओरडतच होती.
तक्रार मागे घ्यायचा आमच्याकडे अर्ज नसतो.
त्यांनी फक्त दुसरी प्रत परत मागितली.

मे महिन्यात, एका पहाटे, तीन.
कापसाचे बोळे, आणि त्यांना न शोभणारे लांब पाय.
अंग वाळायची सवड, तेवढीच.
दुसऱ्या दिवशी गेटमधून निघालीदेखील, खाडीकडे,
मधल्या रस्त्यावर दुधाचा टेम्पो.
आईनं एक हाक दिली
आणि तिन्ही पिल्लं भर डांबरावर दगड झाली.
ड्रायव्हरचा हात हॉर्नकडे गेला.
गोमाजीनं खिडकीतून तो मनगटाला धरला, बोलला नाही.
कितीतरी वेळ.
मग दुसरी हाक, मऊ, पहिल्यांदाच ऐकलेली.
दगड चालू लागले.

चौथं राहिलं होतं.
उचललं तर गरम, पण ते उन्हानं.
कानाशी धरलं. हलवलं.
आत काय होतं ते आतच राहू दिलं
आणि होतं तिथं खडीत ठेवलं.

हात काढला,
आणि मला ते पुन्हा दिसेना.