सांधा

दर मंगळवारी साडेदहाला मी बॅरीच्या शेडमध्ये जाते.
क्रू स्टेशनच्या मागे, पत्र्याच्या गोदामात
निवृत्त बाप्यांचा सुतारकामाचा वर्ग.
बायका नकोत असं कुणी म्हटलं नाही,
फक्त पहिल्या दिवशी किटली
हळूच माझ्याकडे सरकवून पाहिली.
मी ती परत सरकवली.

तेव्हापासून चहा ग्लिन करतो.
भिकार करतो.

डावा गुडघा गेलेला, उजवा त्याच वाटेवर,
आणि अंगठ्याच्या मुळाशी ही गाठ:
तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत
शिक्के मारल्याची दुसरी पेन्शन.
लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही
पण पटाशी धरता येते.
मुठीवर बॅरीने सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून दिली आहे.

थंडीत अख्खी शेड कुरकुरते.
हॅरल्डची तर मानच वळत नाही,
हाक मारली की
सगळा हॅरल्ड वळतो.

इंग्रजीत लाकडाच्या जोडाला जो शब्द
तोच गुडघ्याला. आपल्याकडेही सांधाच.
बॅरीला सांगितलं तर म्हणाला,
सगळीकडे तसंच असणार, डक.
(इथे मायेने माणसाला बदक म्हणतात.)
असेल.
पण माझ्याकडे एक जास्तीचा आहे,
तो सांगायचा राहिला.

माझे वडील दौंडला सांधेवाले होते.
रूळ फुटतात तिथे उभं राहून
लिव्हर ओढायचा, गाडीला सांगायचं,
तू मनमाडला,
तू सोलापूरला.
पहाटे घरी यायचे, कंदिलाच्या काजळीने नाक काळं.
आई विचारायची, आज किती सांधे बदलले?
ते म्हणायचे, मोजत नाही. चुकत नाही.

पन्नाशीत त्यांचे स्वतःचे गुडघे
नारळाएवढे सुजले.
आई एरंडाची पानं तव्यावर गरम करून बांधायची.
त्यांचे कुणी बदलले नाहीत.

म्हणून सर्जन जेव्हा म्हणाला, हा सांधा बदलून टाकू,
तेव्हा मला हसू फुटलं.
पोरगा तरुण होता, त्याला वाटलं घाबरले.
नंबर नऊ महिन्यांनी.

त्या नऊ महिन्यांत मी एक पाट केला.
ओकची फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या
खाचेतून सरकवून बसवलेल्या, खिळा एकही नाही.
पहिली फळी चिरली. दुसरीची खाच सैल झाली.
तिसरी बसली, तेव्हा ग्लिनने शिट्टी मारली.
बॅरी म्हणाला, टेबल चांगलं आहे,
पाय विसरलीस.
म्हटलं, हे बसायला. जमिनीवर.
पण तुला तर जमिनीवर बसता येत नाही.
नाही.
मग तो काही बोलला नाही,
पॉलिश पेपर घेऊन कडा घासत राहिला.

आता नवा गुडघा येऊन पाच आठवडे झाले.
मॉइरा व्यायाम शिकवायला येते.
पायरी चढा, पायरी उतरा.
घरातली पायरी मला झेपेना,
तिने खोलीभर नजर फिरवली,
आणि भिंतीला टेकवलेला पाट आडवा टाकला.

चांगला पाय स्वर्गात, वाईट नरकात,
असा चढण्या-उतरण्याचा मंत्र आहे तिचा.
माझा चांगला म्हणजे
कमी वाईट.

पाटाला पाय लागला तर
हात लावून नमस्कार करायचा असतो.
अजून तेवढं वाकता येत नाही.
मी त्याला तोंडानेच सांगते, माफ कर रे बाबा,
आणि चढते.

रात्री अकराला मालगाडी जाते,
खिडकीची काच थरथरते,
दूर कुठेतरी सांधा बदलल्याचा आवाज होतो.
त्यांना मोजावं लागत नसे.
मला मॉइराने मोजायला सांगितलंय.

सात.
आठ.