लाल रंग काळा दिसतो

ग्रंथालयाच्या तळघरात नऊ जण
सकाळी दहापासून माझी वाट बघत उभे असतात.
ऑरिन डिलवर्थ पेटी आणून ठेवतो,
पांढरे हातमोजे देतो, आणि दर वेळी सांगतो,
"श्वास जपून, मिसेस हॅलोरन."
मी शिंपीण. चाळीस वर्षं कापडावरच श्वास टाकत आले.

गावाला जुलैत जुन्या पद्धतीचा बेसबॉल खेळायचाय,
हातमोज्यांशिवाय, जाड बॅटींनी,
आणि मला शिवायचेत नऊ सदरे,
अठराशे सदुसष्टचे, जसेच्या तसे.
"फोटो आहे ना," कमिटीवाले म्हणाले,
"त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं.
छातीवर ढालीसारखा तुकडा, कडेनं बटणं,
ढाल काळी, मध्ये पांढरं अक्षर.
पण काळी म्हणजे कसली?
त्या काळच्या काचेला लाल दिसत नसे.
लाल तिला काळोख वाटे,
आणि निळं उन्हात वाळत घातलेल्या चादरीसारखं.
डावीकडून तिसऱ्याचे डोळे बघा,
बुबुळं जवळजवळ नाहीतच.
निळे असणार.
दीड महिन्यात एवढाच एक रंग हाती लागला,
तोही कापडाचा नाही.

मग साप्ताहिकातलं चित्र, लाकडात कोरलेलं.
मोज्यांवर आडवे पट्टे.
पट्टे, की पोटरीची गोलाई दाखवायला मारलेल्या रेघा?
भिंग धरलं तर त्याच रेघा कुंपणावर, ढगावर,
पंचाच्या उंच टोपीवरसुद्धा.
कोरणाऱ्यानं सामना पाहिलाच नसावा.
शुक्रवारी ठोकळा द्यायचा, घरभाडं थकलेलं.
मला कळतं ते. मीही लग्नाचे झगे
नवरी न बघता बेतलेत.

एक रंगीत छापील चित्रही आहे.
त्यात सगळं हिरवं, गाल तेवढे गुलाबी.
रंग भरणाऱ्या मुलींच्या वाटीत
त्या दिवशी हिरवा उरला असेल.

पेटीच्या तळाशी पत्र्यावरचा एक सुटा फोटो.
मागे पेन्सिलीनं नाव: एनस ट्रॅक्सलर.
कमरेच्या पट्ट्यावरची अक्षरं उलटी,
कारण पत्रा डाव्याचं उजवं करतो.
हातच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणे,
मला लागला. पर्समधला, पावडर लागलेला.
ऑरिननं आठ्या घातल्या.
आरशात क्लबचं नाव सरळ झालं
आणि डावखुरा ट्रॅक्सलर उजव्या हाताचा.

तो चेंडू झेलतोय.
चेंडू दोऱ्यानं टांगलेला, दोरा दिसतो.
बुटांमागे लोखंडी पाय दिसतो,
मान धरून ठेवणाऱ्या घोडीचा.
धावता माणूस, खिळून उभा.
ढालीची बटणं मोजली. आठ. बरोबर.
पण खालून दुसरं बाकीच्यांच्या जातीचं नाही,
लहान, चार भोकांचं,
बायकांच्या झंपराला असतं तसं.

मी पेन्सिल खाली ठेवली.
फोटोवाल्याकडे निघताना तुटलं असेल.
कुणीतरी दारातच थांबवून,
स्वतःच्या कपड्याचं काढून, दातानं दोरा तोडून,
"हलू नकोस" म्हणत लावलं असेल.
नंतर फोटोवाल्यानंही तेच सांगितलं.

कमिटीला मी लाल सांगितला.
पुरावा म्हणाल तर एका दुकानाची वही:
"लाल फ्लॅनेल, अकरा वार."
कुणाला, ते लिहिलेलं नाही.
नऊ ढालींना अकरा वार फार होतं.
त्या हिवाळ्यात गावात किती लाल परकर होते
त्याचा फोटो कुणी काढला नाही.

काल रॉडनी क्लॅप सदरा घालून बघायला आला.
वय बावीस, खांदे दारात न मावणारे.
आरशासमोर वळला, थांबला.
"बाई, हे एक बटण चुकलंय."
म्हटलं, चुकलं नाही.
ओढू नकोस.