नाव बांधायची जागा

कचेरीच्या नकाशात या उताराला आकडे आहेत :
चारशे बारा, चारशे तेरा,
चारशे तेराचा पोटहिस्सा दोन.
वर सगळी सुगीची झाडं,
एका वर्षी लावलेली, एका उंचीची.
माझ्या भाषेत सुगी म्हणजे खळ्यावरची रास;
इथे ती भातखाचरांच्या छातीवर उभी आहे
आणि तिच्या सावलीत गवतही धरत नाही.

हात्सुएबाई सत्त्याऐंशीच्या. गुडघे गेलेत,
म्हणून मिनोवांच्या छोट्या ट्रकमध्ये बसून,
काच खाली करून, बोटाने गाव मांडतात.
"ते उमाआराई, तिथे घोडे धुवायचो.
तो हिरुनेइशी, दगड. दुपारी कलंडायला.
आणि ती योमेनाकासे."
सुनेला रडवणारी. एका दिवसात लावून संपवायचं वावर.
"कोणत्या सुनेला?" मिनोवा विचारतात, पेन्सिल वर धरून.
"ज्या वर्षी जी असेल तिला."
मग बऱ्याच वेळाने :
"एकोणीस वर्षं मी."

पण चारशे तेरा म्हणे फुनात्सुनागी.
नाव बांधायची जागा.
नदी इथून दीडशे मीटर खाली,
दगडांत अडखळत जाणारी,
कागदाची होडीही तिच्यात तरायची नाही.
मिनोवा हसले. मीही हसलो.
बाई हसल्या नाहीत.
"आम्ही कुठे पाहिल्या नावा?
सासू म्हणायची, तिची सासू म्हणायची.
उगाच कोण कशाला हाक मारतं का?"

त्याच्या वरची घळ हेबिनुके :
साप निसटला ती.
मिनोवांचं हसू तिथे थांबलं.
साप नव्हे, म्हणाले, डोंगर. अतिवृष्टीत चिखल-धोंडे
वळसे घेत उतरतात, त्याला जुनी माणसं साप म्हणत.

दुसऱ्या दिवशी गिरमिट आणलं, हाताने फिरवायचं.
एक मीटर सुगीची मुळं.
दोन मीटर मुरूम.
अडीचवर काळी, लोण्यासारखी, तळ्याची माती,
तिच्यात लव्हाळ्याचं चपटं पान,
अजून हिरवं;
उजेड लागला आणि आमच्यादेखत काळवंडलं.

म्हणजे साप निसटला, दरी तुंबली,
पाणी चढत चढत इथवर आलं,
आणि कुणीतरी, घर पाण्याखाली ठेवून आलेलं,
खुंटाला दोर गुंडाळत म्हणालं असेल, इथे बांध.
मग तळं फुटलं. खाचरं झाली. झाडं झाली.
नाव गेली.
नाव तेवढं खुंटाला राहिलं.

परत निघताना बाई म्हणाल्या, "अजून एक आहे.
त्या वळणावर. फुरिकाएरी.
मला सासरी सोडून जाताना आईने तिथून वळून पाहिलं.
तेव्हापासून म्हणते. मनात. कुणाला सांगितलं नाही."
मिनोवांनी चष्मा काढून पुसला.
नियम असा, म्हणाले,
दोघांच्या तोंडी असेल तेच नोंदता येतं.

वळणावर काही नव्हतं.
एक गंजका बाण, थोडं ऊन.
मी मोठ्याने म्हटलं, फुरिकाएरी.
बाईंनी माझा उच्चार दोनदा दुरुस्त केला.
तिसऱ्यांदा नुसती मान हलवली,
आणि मिनोवा पेन्सिलीला टोक करू लागले.