चाळीस शब्दांत

मार्चमध्ये विभागाची पुस्तिका निघते.
नाव, फोटो, संशोधनाचा विषय,
विषय चाळीस शब्दांत.
मुलं दोनशे पाठवतात. कापायचं काम माझं.
एकतीस वर्षं कापतेय, हात बसलाय.

यामिला ओद्रिओसोला: हौशी लोकांनी
समुद्रकाठी काढलेल्या आठ मिलिमीटरच्या फिती.
बाप कॅमेरा धरतो, मुलं खड्डा खणतात,
आई कुठेच नसते.
मग सहाव्या रिळात वाळूवर एक सावली पडते,
हातात टॉवेल.
‘सावली’ ठेवली. ‘सैद्धांतिक चौकट’ काढली.

लेओनोर साबालेता: संग्रहालयातली बाकं.
हो, बाकं.
पाय दुखतात म्हणून टेकलेल्या माणसाला
समोरचं चित्र जास्त दिसतं का?
मी विचारलं, मग, दिसतं?
म्हणाली, पहारेकऱ्याला बाकच नसतं, नेलिदा,
आधी तिथून सुरुवात करावी लागेल.
सदतीस शब्द झाले. तीन उरले, उरू दिले.

फाकुंदोचा विषय उपशीर्षकांतल्या चुका.
एका अनुवादकाने म्हणे अठरा वर्षं
समुद्राच्या जागी नदी लिहिलं.
माँतेविदेओत ही चूक कोण धरणार?
आम्ही रोज संध्याकाळी त्याच पाण्याकडे बघत
तोच वाद घालतो.

आणि हा वॉशिंग्टन पिरिस, साल्तोचा,
आजोबांची संत्र्यांची बाग विकून इथे आलेला.
काखेत थर्मास, आणि गावाला वळसा.
त्याचा विषय आमच्याच तळघरातले एकोणीस डबे.
डब्यावर ‘गुरांचं लसीकरण, भाग दोन’,
आत मोर्चा, ओळखू येतील असे चेहरे.
डब्यावर ‘मेंढ्या कातरण्याच्या पद्धती’,
आत कापडगिरणीचा संप.
झाकण काढलं की व्हिनेगरचा भपका येतो,
फिल्म आंबतेय, तो म्हणतो, घाई करायला हवी.

लेबलं कोणी लिहिली, एवढंच त्याला हवंय.
रजिस्टरं चाळली. म्हाताऱ्यांना भेटला,
एकाला तर पार पायसान्दूपर्यंत जाऊन.
हाती लागलं ते इतकंच:
सगळी लेबलं एकाच टाइपरायटरवरची,
‘ए’ हे अक्षर दर वेळी ओळीच्या वर उडालेलं.

मी एकोणीसची होते.
तेव्हा इथे शिक्षणखात्याची फिल्म-शाखा होती.
बारेइरो साहेबांनी टेबलावर यादी ठेवली,
म्हणाले, कंटाळवाणं काहीतरी लिही,
सैनिकाला उघडावंसंच वाटू नये असं.
माझे काका गुरांचे डॉक्टर.
लसीकरण मला तोंडपाठ होतं.

पुढे एका गुरुवारी साहेब आले नाहीत.
शुक्रवारीही नाही.
त्यांचा कोट खुंटीवर हिवाळाभर होता,
मग एक दिवस कोट गेला, खुंटी राहिली.
मी बोलले नाही. आधी भीतीने,
नंतर सवयीने,
आणि पुढे पुढे कोणी विचारलंच नाही म्हणून.
वॉशिंग्टननेही नाही विचारलं.
तो माझ्याकडे फॉर्म मागतो, शिक्का मागतो,
जाताना दार हळू लावतो.

त्याचे दोनशे बारा शब्द काल रात्री कापले.
‘अनामिक’ हा शब्द चार वेळा होता.
एकदा ठेवला.
मग संगणक बंद केला,
कपाटावरून ते धूड खाली उतरवलं,
कंबर धरली, शिव्या दिल्या.
रिबन वाळून खडखडीत,
तेलाचे दोन थेंब सोडले, तेव्हा कुठे अक्षर उमटलं,
फिकट.

कागद त्याच्या फायलीत आहे.
उद्या तो मुद्रितं तपासायला येईल,
थर्मास माझ्या टेबलावर ठेवील, गोल डाग पडेल,
आधी शब्द मोजील. मुलं मोजतातच,
मी एखादा जास्तीचा खाल्ला की काय म्हणून.

त्याच्या नावात ते अक्षर नाही.
विषयात आहे, नऊ वेळा.