नवसागर

रामसुंदच्या धक्क्यावर गस्तनौका उभी. फेब्रुवारी.
उजाडायचं म्हणून उजाडलेलं.
धुराड्यातून धूर येत नाही,
नाव तेवढं अजून धुराडं.

गुडब्रांड युटरहाउग, मुख्य अभियंता,
एकतीस वर्षं डिझेलवर.
इंजिनाची नाडी तो नाकाने बघायचा:
जळकट गोडूस आलं तर इंजेक्टर गळतोय,
रबर आलं तर पट्टा,
नेहमीचाच असेल तर
जेवायला जायला हरकत नाही.

आता खाली अमोनिया.
दोन केबिनी आणि कपडे वाळवायची खोली कापून टाकी बसवली,
तरी पल्ला पहिल्याच्या निम्मा.
कमरेला मुखवटा, प्रत्येक दाराशी पाण्याचे फवारे,
आणि तेवीस वर्षांची इंगविल्ड
पाढे शिकवावेत तसं शिकवते:
वास आला की शोधत बसायचं नाही.
पळायचं.

त्याला आजोबांचा मेंढवाडा आठवला.
मार्चमध्ये दार उघडलं की
डोळ्यांत शिरायचा तो झोत,
आणि आजोबा पाणावल्या डोळ्यांनी मेंढ्या मोजायचे,
हिवाळ्यातून किती निघाल्या ते.

आमच्याकडे याच कुळातल्या क्षाराला
नवसागर म्हणतात.
कल्हईवाला तापल्या पितळेवर चिमूटभर टाकायचा,
पांढरा ढग उठायचा,
आम्ही खोकत खोकत पुन्हा पुढे सरकायचो.
पण गुडब्रांडला हा शब्द फोडून कसा सांगू?
नवा सागर म्हणावं, तर समोर आहे तो जुनाच,
चार अंशांवर, काळा,
पोटात काय जाळता हे कुठल्याच जहाजाला न विचारणारा.

एकतीस वर्षं ओशिल्ड त्याचे कपडे
तळघरात वेगळे धुवायची.
दारातूनच म्हणायची, आधी आंघोळ.
शनिवारी तो सवयीने पायपुसण्यावर थांबला.
ती काहीच म्हणाली नाही.
जवळ आली, मानेपाशी हुंगलं
आणि चुकून दुसऱ्याचा कोट उचलावा
तशी मागे सरली.

सोमवारी खुल्या समुद्रात सराव.
बॅटऱ्यांवर चालताना नौका इतकी गप्प
की वरचे समुद्रपक्षी ऐकू येत होते.
मग पुढच्या डेकवरची तोफ तीनदा बोलली.
तिच्या पोटातलं काही कुणी बदललेलं नाही.

दारूचा जळका वास वाऱ्याबरोबर मागे आला,
शिडीवरून खाली उतरला.
गुडब्रांडने डोळे मिटून छातीभर घेतला,
मग इंगविल्डकडे बघून ओशाळला.

ती यंत्रांचे आकडे टिपत होती.
कुणीच पळालं नाही.