भरीव

लिलावात त्यानं वीस डॉलरला आठ फूट जमीन घेतली,
बंद पडलेल्या बोलिंग अ‍ॅलीची.
मेपलच्या पट्ट्या, कडेला कड ठोकलेल्या,
वर वार्निशचे थरावर थर
आणि मधोमध अक्रोडाचा एक काळा बाण.
"हिची गिटार करणार," वाइनो म्हणाला.
मी म्हटलं, आधी ती गॅरेजच्या दारातून आत तरी घे.

डुलूथमध्ये नोव्हेंबरपासून सरोवर घरात येतं,
खिडकीच्या फटीतून, मोज्यांतून, गुडघ्यांतून.
एकतीस वर्षं तो लोहखनिजाच्या धक्क्यावर होता.
जहाजांच्या पोटात दगड कोसळायचे
आणि जाताना त्याच्या कानांतलं एकेक घेऊन जायचे.
आधी पाखरं गेली. मग किटलीची शिटी.
मग फोनवरची आमची मुलगी.
मी अजून ऐकू येते, कारण मी ओरडते.

पहिल्याच दिवशी करवतीला खिळा लागला, पातं मोडलं.
मग स्वयंपाकघराच्या टेबलावर
त्यानं एकेक खिळा उपटला, दाढ काढावी तसा,
आणि हेरिंगच्या रिकाम्या बरणीत टाकला.
एकशे बारा.
मोजले मीच. त्याला कुठे वेळ.

पोकळ वासा म्हणून घरांना नावं ठेवतात,
पण वाद्यांचं तर सगळं घराणंच पोकळ:
मोठं पोट, पोटाला भोक, भोकात काळोख.
हे मात्र भरीव. ठोकलं तर ठक्क,
शेजाऱ्याच्या दारासारखं.
"आवाज येणार कुठून?" मी पाटीवर लिहिलं.
"येत नाही कुठून," तो म्हणाला, "तारेत असतो. लाकूड फक्त त्याला धरून ठेवतं."

मशीन नको म्हणाला.
मशीन चुकतंय ते आता त्याला ऐकू येत नाही,
कानस मात्र मनगटाला सांगते.
पटाशी, रंधा, काचेचा तुकडा.
ढलप्या केसांत, कॉफीत, कुत्र्याच्या पाठीवर.
मागच्या बाजूला पोटासाठी खळगा कोरला,
मग नाताळ गेला, आणि तो पुन्हा कोरावा लागला.
बाण तेवढा त्यानं राखला. बाणाला कानस लावली नाही.

मान कोरायला पंधरा दिवस.
रात्री झोपेत माझं मनगट धरून
अंगठा पुढेमागे फिरवायचा,
जाडी बघायचा.
मी हात काढून घेतला नाही. फारच दिवसांनी
मला कुणी इतकं लक्ष देऊन तपासत होतं.

मग तांब्याची तार, केसाहून बारीक.
माझ्या शिवणयंत्राच्या चाकावर
चुंबकांभोवती आठ हजार वेढे.
फिरवणार तो, मोजणार मी.
सहा हजार तीनशेपर्यंत मी प्रामाणिक होते.
मग टपालवाली आली, मग कुत्रं तिच्या अंगावर गेलं,
मग तिची माफी, मग तिच्या गुडघ्याची कथा.
परत आले तर चाक फिरतंच होतं
आणि त्याचे डोळे माझ्या तोंडावर.
"किती?"
"आठ हजार," मी ओठ नीट हलवून सांगितलं.
त्यानं तार कापली.

मार्चमध्ये, बर्फ अजून गटारात काळं पडलेलं,
त्यानं तारा चढवल्या.
लहान अ‍ॅम्प्लिफायर टोस्टरशेजारी ठेवला, वायर खुपसली,
आणि गिटारचं वरचं शिंग जबड्याखाली घेऊन,
डोळे मिटून,
सगळ्यात जाड तार ओढली.

मला आलं ते एवढंच:
बरणीत अडकलेल्या माशीएवढं काहीतरी.
त्याच्या चेहऱ्यावर मात्र धक्क्याला जहाज लागत होतं.
"लेम्पी," तो म्हणाला, "कसला आवाज आहे! ऐकतेस ना?"

मी अ‍ॅम्प्लिफायरकडे पाहिलं.
लाल दिवा बंद होता.
बटण दाबायचं तो विसरला होता,
आणि माझी खोटी मोजणी
तांब्यात गुंडाळलेली, गाढ झोपली होती.

दुसऱ्यांदा मी सांगितलं नाही.
खुर्ची ओढली, वाकले,
खालच्या शिंगाला हनुवटी टेकवली.
वार्निशचा वास होता, थोडा हेरिंगचा.
"पुन्हा वाजव," मी म्हटलं.
ओरडून नाही. लाकडातच म्हटलं.

त्यानं वाजवलं.